अनिबाल स्कारफिया आणि कप्तानाचं टेबल

अनिबाल स्कारफियाचं दुकान जुन्या वस्तूंचं, पण दारावरची पाटी मासळीची होती. आधीचा भाडेकरू मासे विकायचा. तो गाळा सोडून गेला, पाटी मात्र तशीच राहिली: 'नदीचे ताजे मासे'. अनिबालने ती कधी उतरवली नाही. महिन्यातून एखादी तरी बाई पिशवी घेऊन आत शिरायची आणि मासे नाहीत म्हणून पितळी कंदील नाहीतर चिनीमातीचं कुत्रं घेऊन बाहेर पडायची. "पाटी काढली तर माझं निम्मं गिऱ्हाईक जाईल," असं तो तोंड अगदी गंभीर ठेवून सांगायचा.

मी शेजारच्याच गाळ्यात खुर्च्यांना वेत विणते. माझं नाव एल्दा. रोसारियोच्या जुन्या स्टेशनामागच्या या गल्लीत मी आले तेव्हा तेवीस वर्षांची होते, आणि अनिबाल चाळिशीला टेकला होता. तेव्हापासून तो मला 'पोरी' म्हणायचा, ते मी साठीला आले तरी पोरीच म्हणत राहिला. त्याच्याकडे येणाऱ्या मोडक्या खुर्च्या माझ्याकडे यायच्या. सकाळचं माते, म्हणजे आमचा कडू चहा, आम्ही बहुतेक त्याच्याच दुकानात प्यायचो, एकाच पोकळ भोपळीतून, आळीपाळीने.

ते दुकान म्हणजे एक खूळ होतं. मधोमध एका मोडलेल्या चर्चमधून आणलेली, पाद्र्यापुढे पापं सांगायची, कबुलीची लाकडी खोली होती, आणि तिच्यात अनिबालने टेलिफोन बसवला होता. फोन वाजला की तो पाद्र्याच्या बाजूला बसून बोलायचा. दाराशी पेंढा भरलेला न्यांदू, उंच मानेचा पक्षी, डोक्यावर स्टेशनमास्तरची टोपी घालून उभा असायचा. गिऱ्हाइकाला बसायला दंतवैद्याची खुर्ची. आणि प्रत्येक वस्तूच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर किंमत नसायची. ती वस्तू कुणाची होती, तेवढंच असायचं. 'सान लोरेन्सोच्या सुईणीचा दिवा. एकशे चाळीस बाळंतपणं पाहिलेला.' 'तीनदा लग्न मोडलेल्या गृहस्थाचा आरसा.'

ही हकिगत ऐकून घेतल्याशिवाय तो वस्तू द्यायचा नाही. एकदा ब्वेनोस आयरेसहून आलेल्या एका वकिलाने घड्याळाकडे बोट दाखवून म्हटलं, "गोष्ट राहू द्या, गाडीत ठेवा." अनिबालने घड्याळ उचलून पुन्हा फळीवर ठेवलं आणि त्याला दार उघडून दिलं.

"सगळ्याच चिठ्ठ्या खऱ्या असतात का हो?" मी विचारायची.

"पोरी, निम्म्या तर खऱ्याच असतात."

वस्तू विकायला कुणी आलं की मात्र तो खोदून खोदून विचारायचा. कुणाची, कधीपासूनची, का विकताय, घरी विचारलंय का. एका पोराने आजीची चांदीची साखरदाणी आणली होती. अनिबालने त्याला बसवून ठेवलं आणि आजीला फोन केला. आख्ख्या गल्लीत त्याचं नाव होतं: स्कारफियाकडे चोरीचा माल चालत नाही.

आणि एक टेबल होतं. अक्रोडाचं, लांब, गोल कडांचं. ते विकायला नव्हतं. त्याच्यावरच तो जेवायचा, चिठ्ठ्या लिहायचा, माझ्याबरोबर माते प्यायचा. चिठ्ठी त्यालाही होती: 'जेनोव्हाच्या एका कप्तानाचं टेबल. जहाज बुडालं, टेबल तरंगत राहिलं.' ती गोष्ट तो फार रंगवून सांगायचा. पाराना नदीच्या मुखाशी आलेलं वादळ, टेबलाला कवटाळून रात्र काढणारा स्वयंपाकी. मी ती पन्नास वेळा तरी ऐकली असेन.

दोन हजार सहा सालच्या ऑक्टोबरात, एका मंगळवारी सकाळी, दोन बाया दुकानात आल्या. एकीला लग्नात द्यायला दिवा हवा होता. दुसरी नुसती सोबत आलेली, छत्तीस-सदतीस वर्षांची, आखूड केसांची, खांद्याला शाळेतल्या बाईंसारखी जड पिशवी. मी टेबलाशी बसून माते घेत होते. मैत्रीण दिवे बघत होती तोवर ही फिरत फिरत आमच्यापाशी आली आणि टेबलावर हात ठेवून उभी राहिली. कडेवरून बोटं फिरवत ती कोपऱ्यापर्यंत गेली. तिथे लाकडात एक चीर होती. बोट तिथेच थांबलं.

अनिबालला वाटलं, गिऱ्हाईक आहे. "हे विकायचं नाही बाई," तो म्हणाला, "पण गोष्ट ऐका. जेनोव्हाचा एक कप्तान होता..."

तिने गोष्ट मधे तोडली नाही. वादळ, बुडणारं जहाज, स्वयंपाकी, सगळं ऐकलं. मग विचारलं, "मी खालून बघू का?"

"खालून काय बघायचं? धूळ असेल."

तोवर तिने पिशवी जमिनीवर ठेवली होती. गुडघ्यांवर बसली आणि सरळ टेबलाखाली गेली. मला वाटलं, तिचं काही पडलं असेल. मी वाकून पाहिलं. ती पाठीवर झोपली होती, लहान मूल झोपतं तशी, आणि वर बघत होती.

"इथे एक पिवळी कोंबडी आहे," ती खालून म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "तिच्यामागे पिल्लं. पाचव्या पिल्लाला पाय काढायचे राहिलेत, कारण आईने जेवायला हाक मारली. आणि इथे 'मारी' लिहिलंय. 'र' उलटा आहे."

अनिबालच्या हातातली भोपळी टेबलावर कलंडली. गरम पाणी कडेवरून ओघळलं, ते पुसायला तो हलला नाही.

ती बाहेर आली, कपडे झटकले. तिचं नाव मारिसेल ओव्हिएदो. सत्त्याहत्तर साली ती सात वर्षांची होती. लष्कराच्या राजवटीचे दिवस. शनिवार-रविवार ती आजीकडे कासिल्दाला गेली होती, म्हणून वाचली. तिचे आईवडील दोघंही शिक्षक. त्यांना लष्कराच्या माणसांनी घरातून नेलं, ते कधी परत आले नाहीत. काही दिवसांनी ट्रक आला आणि घर रिकामं करून गेला. पलंग, शिवणयंत्र, भांडी, भिंतीवरचा दिवा. शेजाऱ्यांनी पडद्याआडून पाहिलं.

"हे तुम्हाला कुणी विकलं?" तिने विचारलं.

"आठवत नाही," अनिबाल म्हणाला.

"कप्तानाच्या स्वयंपाक्याचं नाव आठवतं तुम्हाला. आत्ता सांगितलंत."

तिने एका कागदावर आपला फोन लिहिला, टेबलावरच्या ओल्या जागेपासून लांब ठेवला, आणि मैत्रिणीला घेऊन निघून गेली. दिवा घ्यायचा राहिलाच.

त्या दिवशी दुपारी अनिबालने दुकान बंद केलं ते आठवडाभर उघडलं नाही. आठव्या दिवशी त्याने मला हाक मारली. दार आतून लावून घेतलं आणि टेबलाशी न बसता दंतवैद्याच्या खुर्चीत बसला.

"पोरी, मला माहीत होतं," तो म्हणाला. "आणल्या आठवड्यातच त्याचा एक पाय हलायला लागला. दुरुस्त करायला उलटं केलं, तर ती कोंबडी. खडूचा रंग बोटाला लागत होता, इतका ताजा. कुणाचं तरी पोर होतं त्या घरात, हे मला तेव्हाच कळलं. मी टेबल सरळ केलं आणि कप्तान शोधून काढला."

"ट्रक आणला कुणी?"

"चिचो लेस्कानोने."

चिचोला मी ओळखत होते. आख्खी गल्ली ओळखत होती. दर शनिवारी अनिबाल क्लबात लाकडी गोळ्यांचा खेळ खेळायचा, तो चिचोच्याच जोडीने. पूर्वी ट्रक चालवायचा, आता निवृत्त, नातवंडं, गुडघेदुखी.

"त्याला तुम्ही विचारलं नव्हतं? माल कुणाचा म्हणून?"

"आयुष्यात एवढ्या एकाच माणसाला विचारलं नाही. तो म्हणाला, 'घर रिकामं झालंय, मालक परदेशात गेले.' मी म्हटलं, बरं."

मी त्याच्यावर चिडायला हवं होतं, पण मला बोलायला तोंड नव्हतं. त्या टेबलाबरोबर सहा खुर्च्या आल्या होत्या आणि त्या माझ्याकडे विणायला आल्या होत्या. पाच खुर्च्यांचा वेत धड होता, नुसता सैल झालेला. सहाव्या खुर्चीची बैठक सुरीने उभी-आडवी फाडलेली होती. वापरून वेत फाटतो तो कडेला फाटतो, तंतू तंतू सुटून. हा मधोमध चिरलेला होता, आत काही लपवलंय का हे बघायला चिरावा तसा. वेताच्या खाली लपवायला जागाच नसते, हे चिरणाऱ्याला माहीत नव्हतं. मी ते पाहिलं, समजले, आणि नवा वेत भिजत घातला. तेव्हा माझं मूल दोन वर्षांचं होतं, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरंही आहे. पण तेवढंच कारण होतं की नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

हे मी त्याला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. तो बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिला.

त्याची बायको डेलिया हिला हे प्रकरण लवकर मिटवायचं होतं. "म्हाताऱ्या, टेबल तिला देऊन टाक आणि मोकळा हो," ती म्हणाली. तिनेच मारिसेलला फोन लावला. मारिसेल म्हणाली, "टेबल नको. नाव हवंय." डेलियाने फोन ठेवला. "ऐकलंस? उद्या तुला कोर्टात उभं करतील. मेलेली माणसं येणार आहेत का परत? आणि तुला काही झालं तर मी कुणाकडे बघायचं?"

तिची भीती पोकळ नव्हती. लष्कराच्या राजवटीचे जुने खटले नुकतेच पुन्हा उभे राहत होते. ला प्लाता शहरात अशाच एका खटल्यात साक्ष दिलेला एक म्हातारा सप्टेंबरात घरातून बाहेर पडला, तो परतलाच नव्हता. त्याचे फोटो आमच्या बसस्टॉपवरही चिकटवलेले होते.

बातमी क्लबापर्यंत कशी गेली कोण जाणे. पुढच्या सोमवारी चिचो स्वतःच दुकानात आला. मी तिथेच होते. त्याने न्यांदूच्या डोक्यावरची टोपी सरळ केली, दंतवैद्याच्या खुर्चीत बसला आणि गुडघे चोळत म्हणाला, "शनिवारी आला नाहीस. मला त्या कुबड्या रोमेरोबरोबर खेळायला लागलं."

"बरं नव्हतं."

"तेच म्हटलं. आपलं वय झालं, अनिबाल. या वयात माणूस नावं विसरतो. माझी बायको मलाच धाकट्या भावाच्या नावाने हाक मारते. कुणी वाईट वाटून घेत नाही."

"मी नावं विसरत नाही, चिचो. तुला माहीत आहे."

"माहीत आहे. म्हणून तर आलो." तो सावकाश उठला. जाताना माझ्याकडे वळला. "एल्दाबाई, नातू कसा आहे? तोच ना, स्टेशनापाशी सायकल चालवतो तो?"

तो गेल्यावर मी दाराला आतून कडी घातली. अनिबाल मात्र उठला, कबुलीच्या खोलीत शिरला आणि मारिसेलला फोन लावला. जाळीतून मला त्याचा आवाज ऐकू येत होता. आधी त्याने नाव सांगितलं. मग नावाचं एकेक अक्षर पुन्हा सांगितलं, तिने लिहून घ्यावं म्हणून.

साक्ष द्यायला आम्ही दोघं नोव्हेंबरात गेलो. डेलिया त्या सकाळी बहिणीकडे कान्यादा दे गोमेसला निघून गेली. सरकारी वकील एक तरुण बाई होती. तिने अनिबालला विचारलं, "हा माल कुठून आला असेल, याची तुम्हाला तेव्हा कल्पना होती का?"

मला वाटलं, तो म्हणेल, संशय होता. तो म्हणाला, "कल्पना नाही बाई, मला माहीत होतं. मी टेबल उलटं केलं होतं."

त्याच्यामागून मी गेले. खुर्चीचं सांगितलं. पाच मिनिटं लागली. एकोणतीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट सांगायला पाच मिनिटं.

मारिसेल बाहेरच्या बाकावर बसली होती. अनिबाल तिच्यासमोर जाऊन उभा राहिला, टोपी हातात. त्याने काहीतरी घोकून आणलं होतं, हे मला ठाऊक होतं. पण आधी तिनेच बोलून घेतलं. "तुम्ही आलात, ते बरं केलंत. पण मी तुम्हाला माफ केलं, असं कुणाला सांगू नका."

"नाही सांगणार," तो म्हणाला.

टेबल पुरावा म्हणून कोर्टाच्या माणसांनी उचलून नेलं. चिचोला चौकशीला बोलावलं तेव्हा तो आधी सगळंच विसरला होता. मग वर्षभराने, आपण एकटेच अडकतोय हे दिसल्यावर, त्याला आठवायला लागलं. घराची किल्ली कुणी दिली, त्या अधिकाऱ्याचं नाव त्याने सांगितलं. शिक्षकांना नेल्यावर चौथ्या दिवशी आपण ट्रक लावला, असंही सांगितलं. मारिसेलने हे ऐकलं तेव्हा ती इतकंच म्हणाली, "चौथ्या दिवशी. म्हणजे घरी कुणी परतणार नाही हे ठाऊक होतं, त्यांना काहीच घाई नव्हती." त्या अधिकाऱ्यावर पुढे खटला उभा राहिला. चिचो घरात नजरकैदेत असतानाच वारला.

अनिबालवर गल्लीत दोन्हीकडून चिखल उडाला. काहींच्या लेखी तो मित्राला विकणारा, काहींच्या लेखी मेलेल्यांच्या घरांवर पोसलेला. एका सकाळी शटरवर लाल रंगात 'चोर' लिहिलेलं होतं. मी बादली घेऊन गेले तर म्हणाला, "राहू दे पोरी, चूक कुठे लिहिलंय?" ते अक्षर उन्हापावसाने पुसट होईतो तसंच राहिलं. क्लबात त्याच्यासमोर कुणी खेळायला उभं राहीना. गिऱ्हाईक तुटलं. आत मात्र त्याने दुसरंच काम काढलं होतं. तो एकेका वस्तूच्या गळ्यातली चिठ्ठी सोडून वाचायचा आणि बनवलेली असेल तर फाडायचा. महिनाभरात निम्मं दुकान बिनचिठ्ठीचं झालं. कुणी एखाद्या आरशाबद्दल विचारलं तर म्हणायचा, "कुणाचा ते माहीत नाही." लोकांना ते आवडायचं नाही. ते गोष्टी ऐकायलाच तर यायचे.

मग त्याने खुर्च्या शोधायला घेतल्या. सहाही त्याने सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरमध्येच विकल्या होत्या, आणि कुणाला विकल्या ते त्याच्या डोक्यात पक्कं होतं. पंचाहत्तरीचा माणूस, दम लागायचा, तरी बस पकडून एकेक दार ठोठवायचा. काही वेळा मीही बरोबर गेले. फुनेसला एका निवृत्त मास्तरीणबाईंकडे एक होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खुर्चीवरची मांजर उचलली आणि खुर्ची स्वतः फाटकापर्यंत आणून दिली. एक बंदराजवळच्या दारूच्या गुत्त्यात सापडली, पाय कापून बुटकी केलेली. एका औषधवाल्याने दारातूनच सांगितलं, "मी रीतसर विकत घेतलीय. तुमच्या मनाची टोचणी माझ्या दिवाणखान्यातून कशाला नेता?" अनिबाल त्याला म्हणाला, "बरोबर आहे तुमचं," आणि परत आला. तिथे तो आणखी दोनदा गेला. औषधवाल्याने दिली नाही. बाकी तीन कुठे गेल्या, ते घेणाऱ्यांच्या वारसांनाही माहीत नव्हतं.

डेलिया उन्हाळा संपताना परतली. बोलायची कमी, पण तो बसने कुठे जाणार असला की डबा भरून द्यायची. दोन हजार आठच्या जुलैमध्ये, आमच्याकडच्या कडाक्याच्या थंडीत, सकाळी दाढी करताना तो न्हाणीघरात कोसळला आणि तिथेच गेला. अंत्यविधीला आम्ही अकरा जणं होतो. मारिसेल आली नव्हती. ती येईल असं कुणाला वाटलंही नव्हतं.

दुकान डेलियाने रिकामं केलं. न्यांदू एका शाळेने नेला. कबुलीची खोली कुणी घेईना, ती शेवटी सुताराने लाकडासाठी फोडली. त्याने मिळवलेल्या दोन खुर्च्या डेलिया माझ्याकडे घेऊन आली. "मी तिला फोन करणार नाही," ती म्हणाली. "तू कर."

मारिसेल एका गुरुवारी आली. दोन्ही खुर्च्यांच्या बैठका गेलेल्या होत्या. एक मांजराने ओरबाडलेली, दुसरीला फळी ठोकलेली.

"तुम्हीच विणल्या होत्या ना?" तिने विचारलं.

"हो."

"तर मग पुन्हा विणून द्या."

"दोन दिवस लागतील. वेत भिजवायला लागतो."

"मी थांबते. मला विणताना बघायचंय."

ती खरंच थांबली. दोन्ही दिवस शाळेतून सुटून यायची आणि स्टुलावर बसायची. मी माते पुढे केलं, ते पहिल्या दिवशी नको म्हणाली, दुसऱ्या दिवशी घेतलं. आम्ही फारसं बोललो नाही. एकदाच तिने विचारलं, फाडलेली होती ती यातलीच एक का. मी दोन्ही खुर्च्यांच्या चौकटी उलट्यापालट्या करून बघितल्या. सुरीची खूण कुठे दिसेना. एवढ्या वर्षांत पॉलिशखाली बुजली असेल, किंवा ती खुर्ची औषधवाल्याकडेच असेल.

"सांगता येत नाही," मी म्हटलं.

"ठीक आहे. उगाच काहीतरी सांगण्यापेक्षा बरं."

खुर्च्या तिने एका ओळखीच्या माणसाच्या छोट्या गाडीवर बांधल्या. दोर आवळायला मी हात लावला. टेबल अजून कोर्टाच्या गोदामात आहे. खटला वरच्या कोर्टात गेलाय, आणि निकाल लागेपर्यंत ते सुटणार नाही असं म्हणतात. मारिसेल वर्षातून एकदा अर्ज करून ते बघून येते. मागच्या खेपेला तिने आपल्या मुलीला बरोबर नेलं होतं. पहारेकरी नाही म्हणत असताना पोरगी टेबलाखाली शिरली, असं तिने मला फोनवर सांगितलं.